आधी बोली, मग चाल

चिरंजीव,

अनेक आशीर्वाद. नायजेरियाच्या डेल्टा राज्यातील ओक्पे भाषा बोलणाऱ्या ख्रिस्ती मंडळ्यांची उपासनागीते ध्वनिमुद्रित करून त्यांचे स्वरलेखन करण्याचा तुझा आराखडा वाचला. विषय उत्तम आहे. कामाचा क्रम मात्र मला उलटा वाटतो: आधी बोली टिपायला हवी, मग चाल.

ओक्पे भाषेत अक्षर उंच सुरात उच्चारले की खालच्या, यावरही शब्दाचा अर्थ ठरतो. त्यामुळे इंग्रजी स्तोत्राच्या तयार चालीवर ओक्पे शब्द बसवले, की चाल चढते तिथे बोली उतरते आणि ऐकणाऱ्याच्या कानी भलताच शब्द पडतो. लागोसच्या कॅथेड्रलचे ऑर्गनवादक एकुंदायो फिलिप्स यांनी १९५३ सालच्या आपल्या पुस्तकात योरुबा या नायजेरियातल्याच दुसऱ्या भाषेच्या संगीताविषयी बोली आणि चाल यांचे हेच नाते मांडले होते. खरी पंचाईत दुसऱ्या कडव्यात होते, कारण शब्द बदलले तरी चाल तीच राहते. पुढारी गातो आणि समूह ठरलेली ओळ परततो, या आफ्रिकी रीतीत ही अडचण बरीच सुटते: समूहाचे शब्द बदलत नाहीत आणि पुढाऱ्याला बोलीप्रमाणे चाल वळवता येते.

म्हणून ओरेरोक्पे किंवा सापेले येथे एखाद्या ज्येष्ठ गायिकेकडे बसशील, तेव्हा प्रत्येक ओळ आधी न गाता नुसती बोलून घे, अक्षरांवर उंच-सखल खुणा कर आणि मगच तीच ओळ गाऊन घेऊन दोन्ही एकाखाली एक मांड. चाल बोलीपासून सुटते तिथे कारण त्यांनाच विचार. तर्क लढवू नकोस. चार आवाजांच्या हार्मनीची, म्हणजे एकाच वेळी चार वेगळ्या सुरावटी गाण्याची, घाई तर मुळीच नको, कारण खर्जातले गायकही तेच शब्द गात असतात आणि त्यांची ओळ उलट दिशेने गेली, तर त्यांच्या तोंडी शब्द बिघडतो.

ओक्पेला पुष्कळदा उरोबो या शेजारच्या भाषेतच जमा धरतात, तेव्हा प्रत्येक गीताची भाषा गाणाऱ्यांकडून खात्री करूनच नोंदव. मूळ ध्वनिमुद्रणाची काटछाट करू नकोस. योरुबा पाद्री जोसाया रॅन्सम-कुटी यांनी १९२२ साली लंडनमध्ये झोनोफोन या ध्वनिमुद्रिका कंपनीसाठी योरुबा उपासनागीते गायली, म्हणून त्यांच्या गाण्याचे वळण आज प्रत्यक्ष ऐकता येते. नुसत्या स्वरलिपीतून ते हाती लागले नसते. रचनाकाराचे नाव व परवानगी त्याच दिवशी लिहून घे आणि एक संपूर्ण प्रत त्या मंडळीच्या स्वाधीन केल्याशिवाय तिथून निघू नकोस.

कळावे.