वाचकांचे प्रश्न : बार्शी लाइटवरील बंद स्थानक

प्रश्न : आमचे मूळ गाव बार्शी तालुक्यात असून आम्ही सध्या सोलापुरात राहतो. गावाच्या शिवारात छोट्या गाडीचे जुने स्थानक आहे. रूळ केव्हाच उचलले गेले. आता दगडी भिंतींची एक खोली, विहिरीशेजारचा दगडी चौथरा आणि बाभळींनी भरलेली, मध्येच दुपटीने रुंद होणारी भरावाची पट्टी एवढेच उरले आहे. फलाट मात्र कुठे दिसत नाही. मोठी गाडी सुरू झाली तेव्हा शेजारच्या मोठ्या गावाचे स्थानक राहिले आणि आमचे गेले. उत्पन्न नव्हते म्हणून ते बंद केले, असे गावातील जाणती मंडळी सांगतात. हे खरे आहे काय? हे स्थानक किती जुने असेल आणि त्याची माहिती कुठे मिळेल?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : जाणत्या मंडळींचे म्हणणे अगदीच चुकीचे नाही, पण उत्पन्न हे कारण या प्रकरणात फार उशिरा येते. आपले स्थानक ज्या मार्गावर होते तो मार्ग कसा बांधला गेला हे पाहिल्याशिवाय ते का बंद झाले हे कळणार नाही.

ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेची मुख्य लाइन पुण्याहून निघून १८५९ मध्ये कुर्डुवाडीपर्यंत आणि १८६० मध्ये सोलापूरपर्यंत आली. त्या काळी कुर्डुवाडीच्या स्थानकाचे नाव बार्शी रोड असे होते. कापसाची आणि धान्याची मोठी पेठ असलेली बार्शी मात्र या लाइनपासून सुमारे २१ मैल दूर राहिली, आणि तिचा माल पुढची कित्येक वर्षे बैलगाडीनेच स्थानकावर येत राहिला. हे अंतर छोट्या रेल्वेने जोडावे, असा प्रस्ताव एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज अभियंत्याने मांडला. तो आधी जी.आय.पी. रेल्वेच्याच नोकरीत होता. सरकारी परवानगी, भांडवल आणि कंपनीची नोंदणी यांत बराच काळ गेला. १८९५ मध्ये लंडनमध्ये बार्शी लाइट रेल्वे कंपनी स्थापन झाली आणि १८९७ मध्ये बार्शी रोड ते बार्शी टाउन ही गाडी धावू लागली.

कॅलथ्रॉपचे खरे कर्तृत्व त्याने केलेल्या हिशेबात आहे. रुळांमधील अंतर २ फूट ६ इंच, म्हणजे ७६२ मिलिमीटर; ब्रॉडगेजचे अंतर ५ फूट ६ इंच, म्हणजे १,६७६ मिलिमीटर. एवढ्या अरुंद रुळांवरून भरपूर माल न्यायचा तर भार अनेक चाकांवर वाटला पाहिजे, हे ओळखून त्याने इंजिन असो, डबा असो की वाघीण (मालाचा डबा), कोणत्याही चाकजोडीवर पाच टनांपेक्षा अधिक भार पडू द्यायचा नाही असा नियम घातला. त्यामुळे दर यार्ड लांबीला अवघ्या ३० पौंड वजनाचे रूळ पुरले आणि तरीही लांब, मोठ्या वाघिणी वापरता आल्या. लीड्स येथील किटसन कंपनीने या मार्गासाठी एकमेकांना जोडलेल्या आठ चाकांची इंजिने बांधली, आणि सगळी सामग्री हिंदुस्थानात पाठवण्यापूर्वी लीड्सजवळच्या न्यूले येथे मुद्दाम टाकलेल्या रुळांवर तिची चाचणी घेण्यात आली. छोट्या गाडीची आपल्याकडे थट्टाच अधिक झाली. पण त्या काळच्या नॅरोगेज बांधणीत बार्शी लाइटला आदर्श मानले जात असे, हे इथे आवर्जून सांगितले पाहिजे.

पुढे हा मार्ग दोन्ही दिशांना वाढला. १९०६ मध्ये तो पंढरपूरला पोचला आणि आषाढी-कार्तिकीच्या वारकऱ्यांची मोठी वाहतूक कंपनीला मिळाली. पूर्वेकडे तो बालाघाटाचा चढ चढून निजामाच्या मुलखातून १९११ मध्ये लातूरला गेला. बार्शी इंग्रजी अमलाखाली आणि पुढचा मुलूख हैदराबाद संस्थानात असल्याने सरहद्द ओलांडणाऱ्या मालाला संस्थानची करोडगिरी, म्हणजे जकात, भरावी लागे. १९२७ मध्ये गाडी मिरजेला पोचली तेव्हा एकूण लांबी २०० मैलांच्या वर गेली होती. कंपनीची मालकी १९५४ मध्ये संपली, सरकारने मार्ग विकत घेतला आणि तो मध्य रेल्वेत आला.

यावरून आपल्या स्थानकाचे वय ठरवता येते. गाव कुर्डुवाडी आणि बार्शीच्या मधे असेल तर तेथे रूळ १८९७ मध्ये आले. बार्शीच्या पूर्वेस असेल तर ते त्यानंतरच्या १४ वर्षांतले. मात्र मार्ग आणि स्थानक एकाच दिवशी सुरू झाले असे गृहीत धरू नये. गावकऱ्यांच्या मागणीवरून मागाहून दिलेले थांबेही असत.

आपण वर्णन केलेले अवशेष पुष्कळ काही सांगतात. विहिरीशेजारचा चौथरा बहुधा पाण्याच्या टाकीचा असावा. वाफेच्या छोट्या इंजिनात पाण्याचा साठा बेताचाच असे, त्यामुळे वाटेत ठरावीक अंतरांवर पाणी भरावे लागे, आणि त्यासाठी जिथे खात्रीची विहीर असेल ती जागा निवडली जाई. पट्टी मध्येच रुंद होते याचा अर्थ तिथे रुळांची दुसरी जोडी होती. रुंद भाग दोन्ही टोकांना निमुळता होत असेल तर तो समोरून येणाऱ्या गाडीला वाट देण्यासाठीचा लूप समजावा. एकाच टोकाला निमुळता होत असेल तर मालाच्या वाघिणी उभ्या करण्याची सायडिंग. पुढच्या खेपेस गावी जाल तेव्हा दोन्ही टोकांपर्यंत चालून हे जरूर पाहावे. फलाट सापडत नाही याचे आश्चर्य नको. डबे जमिनीपासून फारसे उंच नसत, पायरीवरून थेट उतरता येई, म्हणून लहान स्थानकांवर मुरूम पसरून सपाट केलेली जागाच पुरे.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. पाणी भरणे आणि गाड्यांचे क्रॉसिंग या दोन कामांसाठी लाइनला ठरावीक अंतरांवर स्थानके लागत होती. गावाची सोय त्याबरोबर झाली. डिझेल इंजिने आली तेव्हा पाण्याचे काम संपले. एस.टी.ची सेवा १९४८ मध्ये सुरू होऊन ती पुढे गावोगाव पोचली, तशी जवळच्या अंतराचा प्रवासी तिकडे वळला. जाणती मंडळी ज्या उत्पन्नाविषयी बोलतात ते याच काळात घटत गेले. तरीही एवढ्याने स्थानक मोडले नसते, कारण रिकाम्या गाड्यादेखील कुठेतरी एकमेकींना ओलांडतच होत्या.

निर्णायक ठरले ते रुळांचे माप बदलणे. कुर्डुवाडीला मालाचे प्रत्येक पोते छोट्या वाघिणीतून काढून मोठ्या वाघिणीत भरावे लागे, आणि या हमालीत पैसा व वेळ दोन्ही जात. देशभर एकच माप करण्याचे धोरण १९९२ मध्ये रेल्वेने स्वीकारले. त्यानुसार पंढरपूरचा टप्पा २००१ च्या सुमारास, लातूर ते उस्मानाबाद २००७ मध्ये आणि उस्मानाबाद ते कुर्डुवाडी २००८ मध्ये ब्रॉडगेज झाला. छोटी गाडी तीव्र वळणे आणि उभे चढ सहज घेई. मोठ्या गाडीला मोठ्या त्रिज्येची वळणे आणि सौम्य चढ लागतात, म्हणून कित्येक ठिकाणी जुना भराव सोडून नवा टाकावा लागला. शिवाय जुनी लाइन येडशीवरून जात असली तरी जिल्ह्याचे ठिकाण असलेले उस्मानाबाद, म्हणजे आजचे धाराशिव, तिच्यावर नव्हते. नव्या आखणीत त्याला आत घेण्यासाठी मार्गच वळवला गेला. माझ्या मते हा निर्णय योग्य होता. लातूरची गाडी थेट मुंबईला जाऊ लागली, ही गोष्ट लहान नाही. परंतु वेगवान गाड्यांच्या लाइनला दर चार-पाच मैलांवर स्थानक नको असते, आणि मधली गावे तिथे गळली. आपल्या गावाचे स्थानक या हिशेबात गेले असण्याची शक्यता सर्वाधिक आहे.

माहिती शोधताना एक सावधगिरी बाळगावी. सोलापूर जिल्ह्याचे जुने गॅझेटियर १८८४ चे आहे. त्यात बार्शी रोड सापडेल. पण छोटी गाडी त्यानंतर १३ वर्षांनी आली असल्यामुळे तिचा शोध त्यात घेणे व्यर्थ होय. त्याऐवजी १९७७ ची सुधारित आवृत्ती पाहावी. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या जुन्या नकाशांवर लहान स्थानकेही दाखवलेली असतात, आणि दोन काळांतील नकाशे शेजारी ठेवले म्हणजे लाइन कुठे सरकली ते लगेच दिसते. भूमी अभिलेख कार्यालयातील गावनकाशावर रेल्वेसाठी संपादन केलेली पट्टी वेगळी दाखवलेली असते. रूळ उचलले तरी जमिनीची मालकी आपोआप गावाकडे येत नाही, म्हणून त्या खोलीची डागडुजी किंवा अन्य वापर मनात असल्यास आधी सातबारा काढावा आणि मध्य रेल्वेच्या सोलापूर विभागाकडे लेखी अर्ज करावा.

प्रश्न : होटगीलाही पूर्वी छोटी गाडी येत असे, असे वडील सांगत. ती बार्शी लाइटचीच शाखा होती काय?
— एक वाचक, दक्षिण सोलापूर

उत्तर : नाही. होटगीची गाडी मीटरगेजची, म्हणजे रुळांमध्ये एक मीटर अंतर असलेली होती. विजापूरमार्गे गदगला जाणारी ही लाइन सदर्न मराठा रेल्वेने १८८४ मध्ये, बार्शी लाइटच्या १३ वर्षे आधी, सुरू केली. पुढे मीटरगेज गाड्या सोलापूर स्थानकापर्यंत येत. कुर्डुवाडीच्या आणि होटगीच्या छोट्या गाडीच्या रुळांचे मापच वेगळे होते. त्यामुळे एकीचे डबे दुसरीवर चालवणेही शक्य नव्हते.