हाडाचा कॅन्सर आपोआप जिरतो का? दोन महिने थांबू का?

प्रश्न: डॉक्टर, माझा मुलगा 13 वर्षांचा आहे, आठवीत. जूनपासून उजव्या गुडघ्याच्या वर दुखतंय म्हणायचा, आम्हाला वाटलं फुटबॉल खेळताना लागलं असेल, बाम चोळत राहिलो. मग सूज दिसली, एमआरआय, बायोप्सी झाली आणि रिपोर्टला ऑस्टिओसार्कोमा, म्हणजे हाडाचा कॅन्सर, आला. छातीचा सीटी क्लिअर आहे. डॉक्टर म्हणतात लगेच केमो, मग ऑपरेशन. पण जाऊबाईंनी फॅमिली ग्रुपवर मेसेज टाकलाय की एका मुलाची हाडाची गाठ काही न करता विरघळली, आणि सासूबाई म्हणतायत दोन महिने काढा देऊन बघू, केमोने पोर खंगेल. असं खरंच होतं का हो? थांबलं तर चालेल का?
एक आई, सिंहगड रोड, पुणे

उत्तर: ताई, थांबू नका. दोन महिने तर नाहीच, तारीख मिळाली असेल तर त्याच तारखेला अॅडमिट व्हा.

कॅन्सर आपोआप मागे हटतो ही थाप नाहीये. अमेरिकेत एव्हरसन आणि कोल या दोन सर्जननी 1966 मध्ये साठेक वर्षांच्या नोंदी चाळून अशा 176 केसेस एकत्र मांडल्या होत्या, म्हणजे जगभरात इतक्या वर्षांत एवढ्याच नीट पुरावा असलेल्या. मुलांमध्ये न्यूरोब्लास्टोमा नावाची गाठ तान्ह्या बाळांत कधी कधी पसरलेली असूनही स्वतःहून जिरते, पण तो आजारच वेगळा. हाडातही जिरणाऱ्या गोष्टी असतात, नॉन-ऑसिफाइंग फायब्रोमा, म्हणजे हाडातली कॅन्सर नसलेली साधी गाठ, मूल मोठं होता होता भरून येतो, लँगरहान्स सेल हिस्टिओसायटोसिस, म्हणजे एका प्रकारच्या पेशी साठण्याचा आजार, एकाच हाडात असेल तर बरेचदा आपला आपण बरा होतो आणि एक्सरेवर तो अगदी कॅन्सरसारखा दिसू शकतो. मेसेजमधलं पोर यातलंच असेल असं मला वाटतं. तुमच्याकडे मात्र बायोप्सीचा रिपोर्ट आहे, आणि ऑस्टिओसार्कोमा असा गेल्याची उदाहरणं इतकी विरळ आहेत की त्यावर पोराचा जीव लावता येत नाही.

1986 चा अमेरिकेतला एक अभ्यास मी सगळ्या पालकांना सांगते. ऑपरेशन करून गाठ काढली पण केमो दिली नाही, त्यांच्यात दोन वर्षांनी आजार न उलटलेली मुलं 17 टक्के, केमो दिलेल्यांत 66 टक्के. बघा, त्या 17 टक्क्यांचीसुद्धा गाठ काढलेली होती, नुसती थांबलेली नव्हती ती. कारण सीटी क्लिअर असला तरी फुप्फुसात बहुतेकांना न दिसणारे कण आधीच पोचलेले असतात, केमो त्यांच्यासाठी आहे.

एक बाबा माझ्याकडे कालनिर्णय घेऊन आले होते. रोज रात्री शिंप्याच्या टेपने मुलीच्या गुडघ्याचं माप घेऊन तारखेच्या चौकोनात पेनाने लिहिलेलं, 34, 34, साडेतेहेतीस, आणि त्या साडेतेहेतीसला गोल केलेला, गाठ उतरतेय म्हणून त्या आशेवर अजून तीन आठवडे घरी काढले. दुखणं असं कमी-जास्त होतंच हो, टेप थोडी घट्ट ओढली तरी अर्धा सेंटिमीटर इकडेतिकडे होतो. आमच्याकडे आली तेव्हा सीटीत फुप्फुसात ठिपके होते. तो गोल माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही.

सासूबाईंना भीती वाटतेय ती खोटी नाही, पोर खरंच खंगतं, केस जातात, उलट्या होतात, पण त्यावर औषधं आहेत. त्यांना पुढच्या ओपीडीला सोबत न्या आणि डॉक्टरांकडून ऐकू द्या. पाय वाचवून ऑपरेशन होईल का ते विचारा, बहुतेकांचं होतं. केमोच्या औषधांपैकी सिस्प्लॅटिनआधी कानाची टेस्ट आणि डॉक्सोरुबिसिनआधी हार्टचा इको होणार का तेही विचारा. काढा दिला असेल तर लपवू नका, मेथोट्रेक्सेट हे केमोचं औषध चालू असताना लिव्हर-किडनीवर आणखी भार नको. आणि बाम चोळणं आजपासून बंद, त्याला वॉकर आणून द्या, त्या पायावर भार नको, गाठीने पोखरलेलं हाड तिथेच मोडतं.