जर्मनीत फोटो बरे येतात, मग नाशिकला आलं की मुलांचे चेहरे काळे का पडतात?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: बर्लिनला राहता, फोटोग्राफीची हौस आहे, नाताळच्या सुट्टीत अडीच आठवडे नाशिकला येताय. मुलगी चार वर्षांची, मुलगा आठचा. फुलफ्रेम मिररलेस कॅमेरा, ३५ आणि ८५ मिलिमीटरच्या दोन लेन्स. मागच्या खेपेला आजी-आजोबांसोबतचे निम्मे फोटो पांढरेफटक आणि उरलेल्यांत डोळ्यांच्या जागी काळे खड्डे. कॅमेरा तोच, हात तोच, मग बिघडतं कुठे?

बिघडतं सूर्याच्या उंचीत. बर्लिन साडेबावन्न अक्षांशावर, नाशिक विसावर. डिसेंबरअखेर बर्लिनला भर दुपारी सूर्य क्षितिजापासून जेमतेम १४ अंश वर असतो, आणि बहुतेक दिवस तोही ढगाआड. म्हणजे तुम्हाला दिवसभर तिरपा, नाहीतर गाळून आलेला प्रकाश फुकट मिळतो आणि त्याची सवय होऊन जाते. नाशिकला त्याच दिवशी दुपारी सूर्य ४६ अंशांवर, आकाश निरभ्र. बर्लिनला एवढी उंची एप्रिलच्या मध्याला येते. कपाळ आणि नाक उजळतं, डोळ्यांच्या खोबणीत सावली बसते. आजोबांच्या चष्म्याची कड गालावर उमटते ती वेगळीच.

वेगाचाही फरक आहे. बर्लिनला सूर्य उगवल्यापासून १० अंश चढायला जवळजवळ दोन तास घेतो, नाशिकला पाऊण तासाहून थोडं जास्त. नाताळात नाशिकचा सूर्योदय सात वाजून पाच-सात मिनिटांनी, सूर्यास्त सहाच्या जरा पुढे. म्हणजे चेहऱ्याला मानवणारं ऊन सकाळी आठपर्यंत आणि संध्याकाळी पाच-सव्वापाचपासून. सूर्य बुडाल्यावरचा निळा उजेडही वीस-पंचवीस मिनिटांत आटोपतो. ‘चहा घेऊन निघू’ म्हणालात की गेला.

साडेनऊ ते चार उघड्यावर चेहऱ्याचे फोटो काढूच नका, हे माझं स्पष्ट मत. फ्लॅश मारून सावली भरता येते, पण मुलं डोळे मिचकावतात आणि आजी म्हणतात, पुरे आता.

आता मुलांच्या झोपेचं गणित. हिवाळ्यात जर्मनी आपल्या साडेचार तास मागे. तिकडे रात्री आठला झोपणारं मूल इथे पहिल्या रात्री साडेबारापर्यंत टक्क जागं, आणि सकाळी सातला उठणारं इथे साडेअकराला डोळे उघडणार. पहिले चार-पाच दिवस पहाटे उठवून नदीच्या घाटावर नेण्याचा हट्ट केलात तर रडके चेहरे टिपाल. उलट संध्याकाळी पाचला त्यांच्या शरीरात दुपारचे साडेबारा वाजलेले असतात, अगदी ताजी असतात. पहिला आठवडा संध्याकाळचा, सकाळ दुसऱ्या आठवड्यात.

मधल्या वेळेत काय? घराचं दार. माझ्या मते नाशिकमधला सगळ्यात चांगला स्टुडिओ हाच. ऊन थेट आत न येणारं दार किंवा गॅलरी शोधा. डिसेंबरात सूर्य दक्षिणेकडून फिरतो, त्यामुळे उत्तरेचं दार दिवसभर चालतं, पूर्वेचं दुपारनंतर आणि पश्चिमेचं दुपारपर्यंत. आजींना उंबऱ्यापासून दीड-दोन फूट आत, दाराकडे तोंड जरा तिरकं करून बसवा. तुम्ही दाराच्या कडेला थांबा, मधे उभं राहिलात तर प्रकाश तुम्हीच अडवाल. घरातला ट्यूबलाइट बंद करा, नाहीतर अर्धा चेहरा निळा आणि अर्धा हिरवट येतो. गॅलरीला ग्रिल असेल तर माणसाला ग्रिलपासून लांब सरकवा, म्हणजे गजांच्या सावल्या पुसट होतात.

आणि हातात काम द्या. डिसेंबरात मटार असतात, ते सोलायला बसवा. त्याहून चांगलं म्हणजे तांदूळ निवडणं. मांडीवर ताट, ताटात पांढरे तांदूळ. दारातून आलेला उजेड तांदळावर पडून खालून हनुवटीवर, गळ्यावर, डोळ्यांखाली मऊ उसळतो. बाजारातला रिफ्लेक्टर याहून वेगळं काही करत नाही. नुसतं रिकामं स्टीलचं ताट मात्र नको, त्याचा कवडसा चाकूसारखा येतो. नातीला शेजारी पाटावर बसवा, खडे वेचायला सांगा. ती खाली बघेल, आजी तिच्याकडे बघतील. ‘इकडे बघ, हस’ म्हणायची वेळच येत नाही.

अशा दारात आकडे साधारण असे: छिद्र एफ २ ते २.८, शटर १/२५० सेकंद, आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) ४०० ते ८००. बाहेर सावलीत एफ ४, १/५००, आयएसओ २००. पळणाऱ्या मुलाला १/५०० च्या खाली जाऊ नका. रात्री घरात एफ २, १/१००, आयएसओ १६०० च्या आसपास. वीज इथेही ५० हर्ट्‌झचीच, त्यामुळे स्वस्त एलईडीखाली पट्टे आले तर तिकडच्यासारखंच १/१०० किंवा १/५० वर या. एफ १.४ चा मोह टाळा. आजी आणि नात कॅमेऱ्यापासून सारख्या अंतरावर नसतील तर एकीचेच डोळे धारदार येतील.

८५ ची लेन्स घरात फारशी कामाची नाही. कमरेपासून वरचा फोटो घ्यायला अडीच-तीन मीटर मागे जावं लागतं, आणि दहा बाय बाराच्या खोलीत पाठीला कपाट लागतं. घरात ३५, घाटावर ८५.

पांढरेफटक फोटोंचं दुसरं कारण मीटरिंग, म्हणजे कॅमेऱ्याने उजेड मोजणं. कॅमेरा समोरचं सगळं करड्या रंगाच्या जवळ आणायला बघतो. काळाराम मंदिर काळ्या दगडाचं. चौकटीत दगड जास्त आला की कॅमेऱ्याला वाटतं अंधार आहे, तो फोटो उजळ करतो आणि पुढे उभ्या मुलाचा चेहरा उडतो. तिथे एक्सपोजर कॉम्पेन्सेशन (फोटोचा उजळपणा हाताने कमी-जास्त करायची सोय) −०.७ ते −१. उलट आजोबा पांढरा सदरा, पांढरी टोपी घालून चुन्याच्या भिंतीसमोर असले की कॅमेरा फोटो काळवंडून टाकतो. तिथे +०.७. सगळं हाताने करायचं नसेल तर चेहऱ्यावर स्पॉट मीटरिंग (फक्त तेवढ्याच जागेचा उजेड मोजणं), झेब्रा (उडणाऱ्या भागावर पट्टे दाखवणारी सूचना) चालू आणि रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली) फाइल. उडालेला पांढरा नंतर परत येत नाही, काळा थोडाफार येतो. काळारामाच्या आवारातल्या ओवऱ्यांत दुपारीसुद्धा छान सावली मिळते, गाभाऱ्यात मात्र कॅमेरा काढू नका. आठ वर्षांच्या मुलाला २ मार्च १९३० ला इथे प्रवेशासाठी सत्याग्रह सुरू झाला, डॉ. आंबेडकर त्याचे नेते होते, हे दाराशी उभं राहून सांगा. तो दाराकडे वर बघेल, तेव्हा दाबा.

गंगेवर जाताना दिशा लक्षात ठेवा (गोदावरीला आम्ही गंगाच म्हणतो, मुलांना आधीच सांगून ठेवा, नाहीतर भूगोलाचा घोळ होतो). रामकुंडाशी नदी दक्षिणेकडे वळते. पंचवटी पूर्वेच्या काठाला, जुनं नाशिक पश्चिमेच्या. म्हणून संध्याकाळचं ऊन पंचवटीच्या देवळांवर पडतं, नारोशंकराचं शिखर तेव्हा बघा. सकाळी सूर्य पंचवटीमागून वर येतो, तेव्हा पायऱ्यांवरची माणसं पाठीमागून उजळतात. बुधवारी घाटावर आठवडे बाजार भरतो. मुलांसाठी तो देवळांपेक्षा मजेचा, पण ताडपत्रीखाली उभं राहू नका. निळ्या ताडपत्रीखाली चेहरा निळा पडतो आणि व्हाइट बॅलन्सने (कॅमेऱ्यातल्या रंगांच्या दुरुस्तीने) तो पूर्ण सुटत नाही, कारण मागचा रस्ता उन्हात असतो.

रामकुंडावर एक पथ्य पाळा. तिथे अस्थिविसर्जन आणि दशक्रिया चालू असतात. मुंडन केलेला, ओल्या धोतरातला माणूस चित्र म्हणून सुंदर दिसतो, तरी त्याचा फोटो घेऊ नका. जर्मनीत दुसऱ्याचा फोटो त्याच्या संमतीशिवाय प्रसिद्ध करायचा नाही, हा नियम १९०७ च्या कायद्यापासूनचा. इथे तुम्हाला कोणी अडवणार नाही, म्हणूनच स्वतः थांबायचं. भाजीवाल्या मावशी मात्र ‘माझा पण काढा’ म्हणतील. काढा, आणि जमलं तर परत जाऊन प्रिंट द्या.

तुमच्या मुलांचे फोटो नातेवाइकांच्या स्टेटसवर जाऊ नयेत असं वाटत असेल तर ते पहिल्याच दिवशी आजींना शांतपणे सांगा. फोटो पाठवून झाल्यावर सांगितलंत तर रुसवा होतो.

ड्रोन आणू नका. फेब्रुवारी २०२२ पासून परदेशातून ड्रोन आणायला बंदी आहे, विमानतळावरच अडकेल. शिवाय देवळालीला तोफखाना, ओझरला विमानांचा कारखाना, त्यामुळे शहराभोवती उडवायला जागाच कमी. बॅटऱ्या हातातल्या बॅगेत ठेवा. जर्मन चार्जरची बारीक दोन पिनांची वायर इथे चालते, जाड गोल प्लग बहुतेक सॉकेटात नीट बसत नाही, साधा अडॉप्टर घ्या. डिसेंबरात हवा कोरडी आणि धूळ भरपूर, म्हणून लेन्स रस्त्यावर बदलू नका. पुढे कधी जुलै-ऑगस्टात आलात तर उलटी कथा. एसीच्या खोलीतून कॅमेरा बाहेर नेताना बॅगेची चेन अर्धा तास उघडू नका, नाहीतर काचेवर बाष्प धरतं. आणि बुरशी टाळायला घट्ट झाकणाचा डबा आणि सिलिका जेल.

दुसऱ्या आठवड्यात एखादी पहाट निफाड तालुक्यातल्या नांदूरमध्यमेश्वरच्या पक्षी अभयारण्याला द्या, शहरापासून साधारण चाळीस किलोमीटर. महाराष्ट्रातली ही पहिली रामसर जागा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा. ८५ ने पक्षी ठिपक्याएवढे येतील, त्या नादी लागू नका. दुर्बीण मुलांच्या हातात द्या आणि फोटो मुलांचे काढा. निफाडची थंडी झोंबते. बर्लिनच्या मुलांना तिचं काही वाटणार नाही, पण आजी कानटोपी घातल्याशिवाय सोडणार नाहीत, तेव्हा प्रत्येक फोटोत कानटोपी असणार हे धरून चाला.

शेवटचं, प्रिंटचं. निघायच्या आदल्या दिवशी नाही, चार दिवस आधी लॅबला द्या. ४ बाय ६ इंचासाठी १८०० बाय १२०० पिक्सेल, रंग एसआरजीबी या नेहमीच्या रंगपद्धतीत. अडोबी आरजीबीत दिलंत तर साध्या लॅबमध्ये चेहरे फिके निघतात. मोबाइलचे फोटो ४:३ असतात, ४ बाय ६ मध्ये आडव्या फोटोचं वर-खाली कापलं जातं आणि नेमकं आजोबांच्या टोपीवर येतं, म्हणून आधी स्वतः क्रॉप करा. ‘ऑटो करेक्शन नको’ असं सांगा, नाहीतर सगळ्यांना गोरं करून देतात. मॅट घ्या, ग्लॉसीवर बोटांचे ठसे उमटतात आणि आजी-आजोबांकडे हे फोटो हातोहात फिरणार आहेत. मागे नाव आणि तारीख लिहायला बॉलपेन नको, त्याचा दाब पुढून दिसतो. बारीक परमनंट मार्करने कडेला लिहा, आणि शाई पूर्ण वाळल्याशिवाय एकावर एक रचू नका.