नळी पेटली नव्हती

प्रिय मुला,

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाटलं, फ्रिक्वेन्सी थेरपीचं, म्हणजे लहरींनी रोग बरे होतात म्हणणारं, ते यंत्र तुझ्या फिजिओथेरपीच्या क्लिनिकमध्ये घ्यावं का, एवढंच तू विचारतोयस. दुसऱ्यांदा शेवटच्या चार ओळींवर अडले. खांदेदुखीसाठी तुझ्याकडे येणाऱ्या बाई, स्तनात गाठ, बायोप्सीत कॅन्सर निघालेला, शस्त्रक्रिया सुचवलेली. आणि त्या तुला विचारतात, "तुम्ही ते मशीन आणणारच आहात, तर दोन महिने ते करून बघू का?" तू त्यांना अजून उत्तर दिलेलं नाहीस. म्हणून हे पत्र आजच लिहिते आहे.

त्यांना सांग, शस्त्रक्रिया पुढे ढकलू नका. यात "बघू", "तुमची इच्छा" असले शब्द नकोत. येल विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१८ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. बरा होण्याजोगा कॅन्सर असूनही नेहमीचे उपचार नाकारून केवळ पर्यायी उपचार घेतलेल्या २८१ रुग्णांची तुलना त्यांनी नेहमीचे उपचार घेतलेल्यांशी केली. मृत्यूचा धोका अडीच पट निघाला आणि स्तनाच्या कॅन्सरमध्ये साडेपाच पटींहून जास्त. त्यांतले सगळे फ्रिक्वेन्सीच्या यंत्रावर विसंबले होते असं नाही, पण वेळ गेला की काय होतं ते या आकड्यांत दिसतं. "यंत्रानं अपाय तर होत नाही ना?" असं तू लिहिलंयस. या बाईंच्या बाबतीत अपाय त्या दोन महिन्यांतच आहे.

तू मोहात का पडलास तेही मला कळतं. विक्रेत्यानं दाखवलेल्या रुग्णांना खरंच बरं वाटत होतं, तू ते स्वतः पाहिलंस. यावर माझा एक अनुभव सांगते, जो मी वर्गात कधी सांगितला नाही.

नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत आमच्याकडे शॉर्टवेव्ह डायथर्मीचं जुनं यंत्र होतं. २७.१२ मेगाहर्ट्झ, ऊतींना आतून ऊब देणारं, खरंखुरं विद्युतचुंबकीय यंत्र. रोज सकाळी रुग्ण यायच्या आधी इलेक्ट्रोडांच्या मधे निऑनची छोटी नळी धरायची आणि ती पेटली की मगच काम सुरू करायचं, असा नियम होता. एका आठवड्यात गर्दी फार होती आणि मी तो पाळला नाही. पॅनेलवरचा दिवा लागत होता, पंखा घुमत होता, टायमर वाजत होता. चौथ्या दिवशी नळी धरली, तर पेटली नाही. आतला भाग निकामी झाला होता. किती दिवसांपासून, कोण जाणे. पण मधल्या तीन दिवसांत बहुतेकांनी मला बरं वाटतंय म्हणून सांगितलं होतं. गुडघ्याच्या एक बाई तर म्हणाल्या होत्या, "आज ऊब अगदी आतपर्यंत गेली." मी वरिष्ठांना सांगितलं, मग रुग्णांनाही सांगितलं. माझी त्या वेळची शरम अजून गेलेली नाही.

ती माणसं खोटं बोलत नव्हती. दुखणं सगळ्यांत वाढलेलं असतं तेव्हा माणूस आपल्याकडे येतो, आणि पुढे ते बऱ्याचदा आपसूक उतरतं. त्यात वीस मिनिटं शांत पडून राहणं, कुणीतरी हात लावून विचारपूस करणं, काहीतरी चाललंय ही खात्री. दुखण्यावर या सगळ्याचा खराच परिणाम होतो. गाठीवर होत नाही. १७८४ साली पॅरिसमध्ये मेस्मर नावाच्या वैद्याच्या चुंबकीय उपचाराची तपासणी करायला राजानं समिती नेमली होती, बेंजामिन फ्रँकलिन आणि लव्हाझिए हे शास्त्रज्ञ तिच्यात होते. फ्रँकलिनच्या बागेत एक झाड 'भारून' ठेवलं आणि एका मुलाला डोळे बांधून एकेका झाडापाशी नेलं. तो बेशुद्ध पडला, पण भलत्याच झाडापाशी. म्हणून यंत्र बंद ठेवून केलेली तुलना मी मागते. विक्रेत्यानं तुला दहा समाधानी रुग्ण दाखवले, पण यंत्र बंद असताना समाधानी झालेले दाखवले का?

आता त्याच्या युक्तिवादाकडे येऊ. प्रत्येक जंतूची आणि प्रत्येक रोगाची आपली फ्रिक्वेन्सी असते, गायिकेच्या सुरानं काचेचा पेला फुटावा तसा तो जंतू फुटतो. हा विचार रॉयल राइफ या अमेरिकन संशोधकांच्या नावानं चालतो. १९३० च्या दशकात सॅन दिएगोत त्यांनी असे दावे केले. पेला फुटतो, कारण काच ताठ असते आणि हवेत असते. सुराचा प्रत्येक धक्का आधीच्या धक्क्यात भर घालत जातो. जंतू मऊ असतो आणि पाण्यात बुडालेला असतो, आणि एवढ्याशा जिवाला पाणी मधासारखं दाट असतं. मधात बुडवलेल्या घंटेवर टोला दे, नाद तिथल्या तिथे विरतो. ऊर्जेचाही हिशेब तू करून पाहा. एक मेगाहर्ट्झच्या फोटॉनमध्ये, म्हणजे त्या लहरीच्या ऊर्जेच्या सगळ्यांत छोट्या पुडीत, जेवढी ऊर्जा असते, तिच्या साठ लाखांहून जास्त पट ऊर्जा शरीराच्या नेहमीच्या उष्णतेतूनच रेणूंच्या हालचालीला मिळत असते. पुरेशा ताकदीच्या लहरींनी ऊती तापतात, मज्जातंतू चेतवता येतात, हे आपण रोज पाहतो. पण अमुक जंतूला हुडकून मारायचं आणि शेजारच्या पेशीला सोडायचं, हे त्या यंत्रातून होण्याजोगं नाही.

म्हणून सगळंच थोतांड समजू नकोस. न जुळणाऱ्या हाडावर स्पंदित विद्युतचुंबकीय क्षेत्र वापरायला अमेरिकेत औषधं आणि उपकरणं तपासणाऱ्या एफडीए या सरकारी संस्थेनं १९७९ सालीच मान्यता दिली. औषधांना दाद न देणाऱ्या नैराश्यासाठी चुंबकीय स्पंदनांचा उपचार २००८ पासून मान्य आहे. आणि तुझा विक्रेता ज्याचा हवाला देतो, ते ग्लिओब्लास्टोमा या मेंदूच्या कॅन्सरवरचं विद्युतक्षेत्र, तेही खरं आहे; पहिली मान्यता २०११ ची. पण त्यानंतर प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत काय झालं ते नीट वाच. ६९५ रुग्ण. शस्त्रक्रिया आणि किरणोपचार आधीच झालेले, औषध चालूच, त्याच्या जोडीला २०० किलोहर्ट्झचं क्षेत्र, डोक्यावर चिकटवलेल्या पट्ट्यांतून, दिवसाचे अठरा तास. रुग्ण हयात राहण्याचा मध्यम काळ १६ महिन्यांवरून २०.९ महिन्यांवर गेला. त्यातही तुलनेच्या गटाला खोटं यंत्र लावलं नव्हतं, म्हणून जाणकार आजही वाद घालतात. एक रोग, ठरलेली मात्रा, पाच महिने, आणि त्यावरही शंका. तुझ्या माहितीपत्रकात सहाशे रोग आहेत आणि शंका एकही नाही.

विक्रेत्याला एकच विचार, हे कुणाला लावायचं नाही? डायथर्मी शिकवताना मी उपयोगांच्या आधी मनाई पाठ करून घेतली होती, आठवतं ना? पेसमेकर, शरीरातला धातू, गर्भारपण, आणि गाठीची जागा. ज्या यंत्राला मनाईची यादीच नाही, ते एक तर काही करत नाही, किंवा काय करतं ते बनवणाऱ्याला ठाऊक नाही. १९२० च्या सुमारास सॅन फ्रान्सिस्कोचे आल्बर्ट अब्राम्स आपली उपचारपेटी डॉक्टरांना भाड्यानं देत, ती उघडायची नाही या अटीवर. तुझा विक्रेता यंत्राचं झाकण उघडू देतो का, तेही बघ.

यंत्राबद्दल एवढं पुरे. त्या बाईंशी बोलताना मात्र यातलं काही काढू नकोस. राइफ नको, फोटॉन नको, आणि "असल्या गोष्टींवर विश्वास कसा ठेवता?" हे तर मुळीच नको. असं म्हटलंस तर त्या तुझ्याकडे यायच्या थांबतील, यंत्र दुसरीकडे शोधतील. त्यांना आधी विचार, शस्त्रक्रियेतल्या कशाची भीती वाटते? भूल, वेदना, की अंगाचा एक भाग गमावणं? की घरी कुणी करायला नाही? भीती कळली तर त्यावर काही करता येतं. सर्जनला विचारायचे प्रश्न दोघं मिळून कागदावर लिहा. त्यांना चालत असेल तर तू सोबत जा.

आणि त्यांना हेही सांग की शस्त्रक्रियेनंतर त्यांना तुझीच गरज लागणार आहे. काखेतल्या लसिकाग्रंथी काढल्या तर खांदा आखडतो, हातावर सूज येऊ शकते, आणि ते काम आपलं आहे, त्यासाठीच तू शिकलास. श्वासाचे आणि खांद्याचे व्यायाम आत्ताच दाखवून ठेव. सर्जनची परवानगी मिळेल त्या दिवसापासून हात हळूहळू वर न्यायला लाव. शस्त्रक्रियेआधी दोन्ही खांद्यांची हालचाल गोनिओमीटरनं, म्हणजे सांध्याच्या कोनमापकानं, मोज, दोन्ही हातांचे घेर मनगटापासून ठरावीक अंतरांवर टेपनं मोज, आणि तारखेसकट लिहून ठेव. नंतर सूज आली की नाही हे या मापांशी ताडूनच कळतं. ती मापं आणि शस्त्रक्रियेची तारीख मला कळव.

तुझी,
मॅडम