शीर तुंबल्यावर दर वेळी ओसीटी कशासाठी?

यावल तालुक्यातील आपल्या वडिलांच्या डाव्या डोळ्यातील शीर तुंबली असून दोन इंजेक्शनांनंतर त्यांना बरे दिसू लागले आहे, तेव्हा या खेपेची ओसीटी, म्हणजे डोळ्याच्या आतील पडद्याची जाडी मोजणारी तपासणी, टाळता येईल का, असे आपण विचारले आहे. मी जळगावात डोळ्यांच्या दवाखान्यात पडद्याची छायाचित्रे काढतो. उपचार डॉक्टरच ठरवतात. परंतु यंत्रावर रोज जे पाहतो त्यावरून सांगतो, काटकसर इथे करू नये.

पडद्यावर रोहिणी (रक्त आणणारी धमनी) आणि नीला (रक्त परत नेणारी शीर) जिथे एकमेकींना ओलांडतात तिथे दोघींचे वेष्टन एकच असते. त्यामुळे रक्तदाबाने कडक झालेली रोहिणी नीलेला दाबते, रक्त अडते आणि त्यातील द्रव झिरपून मधल्या भागाला, म्हणजे मॅक्युलाला, सूज येते. फंडस छायाचित्रात, म्हणजे पडद्याच्या समोरून काढलेल्या फोटोत, रक्ताचे डाग दिसतात, पण सुजेची जाडी मोजता येत नाही. ती ओसीटी मोजते, कारण ती प्रकाशाच्या साहाय्याने पडद्याचा उभा छेद दाखवते. निरोगी मध्यभाग साधारण 250 मायक्रॉन, म्हणजे पाव मिलिमीटर जाड असतो. सुजलेला 500 च्याही पुढे गेलेला मी पाहिला आहे. इंजेक्शनाचा परिणाम काही आठवड्यांत ओसरतो, आणि परतणारी सूज रुग्णाला धूसर दिसू लागण्याआधीच छेदात दिसू शकते. एक डोळा चांगला असला की माणसाला दुसऱ्यातील फरक जाणवतही नाही. केळीची कापणी उरकून येतो म्हणणारे शेतकरी म्हणूनच उशिरा येतात. उलट छेद कोरडा, म्हणजे सूज नसलेला, असेल, तर डॉक्टर पुढचे इंजेक्शन लांबवू शकतात.

डोळ्याच्या अँजिओग्राफीचे काम वेगळे आहे. हाताच्या शिरेतून रंगद्रव्य देऊन काढलेल्या या छायाचित्रांत रक्तपुरवठा बंद पडलेले भाग काळे राहतात. ते मोठे असतील तर नाजूक नव्या रक्तवाहिन्या उगवण्याचा धोका असतो आणि तशा उगवल्यास लेझर करावे लागते. ही तपासणी दर वेळी लागत नाही. त्यानंतर दिवसभर लघवी गडद पिवळी होते, त्याने घाबरू नये. मात्र पूर्वी कशाची अ‍ॅलर्जी झाली असल्यास आधीच सांगावे.

ओसीटी शक्यतो त्याच यंत्रावर करावी, कारण निरनिराळ्या यंत्रांचे आकडे तंतोतंत जुळत नाहीत, आणि जुने अहवाल रक्तदाबाच्या नोंदींसह सोबत न्यावेत.