वाचकांचे प्रश्न : इंजिनाचं अर्थिंग

प्रश्न : आमचं सेसना १५२ हे छोटं दोन आसनी विमान पावसाळाभर उघड्यावर उभं होतं. आता स्टार्टर जड फिरतो. बॅटरी नवी आहे. इंजिन सुरू झाल्यावर लँडिंग लाइट लावला की तेलाच्या तापमानाचा काटा चढतो, दिवा बंद केला की उतरतो. सेन्सर बदलला, तरी तेच. इंजिन आणि फायरवॉल (इंजिनामागची धातूची भिंत) यांच्यामध्ये मल्टिमीटर ०.० ओहम दाखवतो. म्हणजे अर्थिंग ठीक आहे ना?
– विमानदेखभालीचा विद्यार्थी, रामबाग, इंदूर

उत्तर : नाही. तुम्ही दिलेली लक्षणंच अर्थिंगकडे बोट दाखवताहेत. दिवा लावल्याबरोबर पाच-साडेपाच लिटर तेल तापत नाही आणि विझवल्याबरोबर निवतही नाही.

इंजिन रबरी माउंटवर बसवलेलं असतं आणि रबरातून वीज जात नाही. म्हणून इंजिनापासून एअरफ्रेमपर्यंत, म्हणजे विमानाच्या धातूच्या सांगाड्यापर्यंत, कल्हई केलेल्या तांब्याचा विणलेला पट्टा, म्हणजे अर्थ स्ट्रॅप, लावतात. अल्टरनेटरचा करंट बसबार (वीज वाटणारी धातूची पट्टी) आणि दिव्यांमधून एअरफ्रेममध्ये येतो आणि याच पट्ट्यातून अल्टरनेटरकडे परततो. पट्ट्याचा जोड गंजला की तिथे व्होल्ट पडतात आणि इंजिन एअरफ्रेमच्या मानाने निगेटिव्हकडे सरकतं. तेलाच्या सेन्सरला अर्थ मिळतो तो इंजिनाच्याच धातूतून, त्यामुळे मीटरमधून जास्त करंट ओढला जातो. तापल्यावर या सेन्सरचा रेझिस्टन्स कमी होतो, म्हणून जास्त करंट म्हणजे जास्त तापमान असंच मीटर दाखवणार. खात्री करायची तर ग्राउंड रनमध्ये, म्हणजे जमिनीवरच इंजिन चालवून, दिवा चालू ठेवून मास्टर स्विचचा फक्त अल्टरनेटरकडचा अर्धा भाग बंद करा. काटा लगेच खाली आला तर सेन्सर निर्दोष आहे.

आता ०.० ओहमबद्दल. साधा मल्टिमीटर मिलिअँपियरमध्ये करंट सोडतो आणि त्याच्या स्वतःच्या वायरींचाच रेझिस्टन्स ०.१ ते ०.३ ओहम असतो. जोडात ०.०१ ओहम असला तर तो त्याला दिसणारच नाही. स्टार्टरने १५० अँपियर ओढले तर तेवढ्याच ०.०१ ओहमवर दीड व्होल्ट पडतो आणि जोडात २२५ वॅट उष्णता होते. अमेरिकेच्या विमान वाहतूक नियामकाच्या, एफएएच्या, एसी ४३.१३-१बी या पुस्तिकेत बाँडिंगच्या (धातूचे भाग विजेसाठी एकमेकांना जोडण्याच्या) एका जोडाला ०.००३ ओहमपेक्षा जास्त रेझिस्टन्स चालत नाही. इतकं बारीक मोजायला मिलिओहममीटर लागतो. तो नसेल तर करंट वाहत असताना व्होल्ट मोजा.

त्याआधी एक धोका नीट समजून घ्या. १५२ मध्ये चावी स्टार्टवर नेली की मॅग्नेटो (स्पार्क प्लगला ठिणगी देणारं, बॅटरीविना चालणारं यंत्र) जिवंत होतो, त्यामुळे ‘मॅग्नेटो ऑफ ठेवून क्रँक’, म्हणजे स्टार्टरने इंजिन नुसतं फिरवणं, करता येत नाही. फ्युएल शटऑफ बंद, मिक्स्चर (इंधन-हवेच्या मिश्रणाचा दांडा) आयडल कट-ऑफला, म्हणजे इंधन तोडलेलं, थ्रॉटल मिटलेलं, आठही स्पार्क प्लगच्या लीड काढून त्यांची टोकं इंजिनाच्या धातूला अर्थ केलेली, चाकांना चॉक (अडसर), आणि पंख्याच्या, म्हणजे प्रोपेलरच्या, फेऱ्यात कुणीही नाही. एवढं झाल्याशिवाय चावीला हात लावू नका.

मीटर डीसी व्होल्टवर ठेवा. लाल टोक स्टार्टरच्या बोल्टच्या उघड्या धातूवर, काळं बॅटरीच्या निगेटिव्ह पोस्टवर. टर्मिनलवर नको, खुद्द शिशाच्या पोस्टवर. तीन-चार सेकंद क्रँक करा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त आलं तर काळं टोक एकेक टप्पा पुढे सरकवा : बॅटरीचं टर्मिनल, फायरवॉलवरचा बोल्ट, स्ट्रॅपचं फायरवॉलकडचं टोक, मग इंजिनाकडचं. ज्या टप्प्यावर आकडा एकदम पडतो, तिथला जोड खराब. चांगल्या जोडावर ०.१ व्होल्टच्या आत असतं. निगेटिव्ह बाजू स्वच्छ निघाली, तर पॉझिटिव्हला मास्टर आणि स्टार्टर कॉन्टॅक्टर (मोठा करंट जोडणारे स्विच) असेच तपासा.

जोड उघडताना बॅटरीचा निगेटिव्ह आधी काढा, लावताना शेवटी लावा. वीज बोल्टमधून नव्हे, लगच्या (पट्ट्याच्या टोकाच्या भोकवाल्या पत्र्याच्या) सपाट तळातून जाते, म्हणून तळाखालचा रंग आणि पांढरी भुकटी पूर्ण गेली पाहिजे. स्कॉच-ब्राइट वापरा. स्टील वूल नको, त्याचे कण ॲल्युमिनियममध्ये रुततात आणि गंज वाढवतात. लगच्या तोंडाशी विणीत हिरवी भुकटी दिसली, किंवा पट्टा वाकवल्यावर तुटलेले धागे बोटाला टोचले, तर पट्टाच बदला. तो पार्ट्स कॅटलॉगमधलाच हवा, सीए फॉर्म १ किंवा एफएए ८१३०-३ या प्रमाणपत्रासोबत. सियागंज बाजारातून गाडीचा पट्टा आणून लावू नका. बसवताना थोडी ढील ठेवा. सुरू होताना आणि बंद होताना इंजिन रबरावर बरंच हलतं आणि ताणलेला पट्टा लगाशीच तुटतो. टॉर्क मॅन्युअलप्रमाणे द्या, पुन्हा मोजा, आणि मगच जोडावर बाहेरून रंग लावा.

एवढ्यावर विमान सोडू नका. पट्टा खराब असताना स्टार्टरचा करंट थांबलेला नव्हता. त्यातला काही भाग थ्रॉटल आणि मिक्स्चरच्या केबलमधून, प्रायमरच्या (सुरू करताना इंधन सोडणाऱ्या पंपाच्या) नळीतून परतत असू शकतो. या केबल तेवढ्या करंटसाठी नसतात. आतलं अस्तर वितळतं, तार चिकटते, आणि हवेत असताना थ्रॉटल अडकू शकतं. आम्हाला स्टार्टरपेक्षा याची काळजी जास्त वाटते. दोन्ही केबल टोकापासून टोकापर्यंत सावकाश फिरवून बघा. कुठे खरखर लागली, क्लॅम्पपाशी तपकिरी डाग किंवा ठिणगीचा खड्डा दिसला, तर केबल बदला. हे सगळं काम परवानाधारक एएमईच्या (विमानदेखभाल अभियंत्याच्या) देखरेखीखाली आणि सहीनेच व्हायला हवं.

प्रश्न : १७०० आरपीएमवर चावी दोन्हींवरून एकाच मॅग्नेटोवर नेली तरी आरपीएम अजिबात पडत नाही. म्हणजे मॅग्नेटो उत्तम आहेत का?
– शिकाऊ वैमानिक, लोकमान्यनगर, इंदूर

उत्तर : उलट, इथेच सावध व्हा. मॅग्नेटो बंद होतो तो पी-लीड, म्हणजे मॅग्नेटोपासून चावीच्या स्विचपर्यंतची वायर, अर्थ झाल्यावर. पी-लीड तुटली किंवा स्विचमध्ये अर्थ मिळाला नाही, तर तो चावी ऑफ असतानाही जिवंत राहतो आणि हाताने पंखा फिरवणाऱ्याच्या जिवावर बेततं. १५२ मध्ये घट १२५ आरपीएमपर्यंत आणि दोन्हींमधला फरक ५० पर्यंत चालतो, पण थोडी घट दिसायलाच हवी. इंजिन अगदी खालच्या आयडलवर आणून चावी क्षणभर ऑफ करा आणि लगेच बोथवर (दोन्ही मॅग्नेटो चालू) आणा. जास्त आरपीएमवर हे केलं तर सायलेन्सरमध्ये स्फोट होतो. ऑफवर इंजिन मरत नसेल तर ते मिक्स्चरने बंद करा, पंख्याला ‘मॅग्नेटो जिवंत’ अशी पाटी बांधा आणि एएमईला बोलवा. बहुतेकदा मॅग्नेटोच्या टोकाशी वायर क्रिंपमधून निसटलेली सापडते.