तिळातली ‘चरबी’ आणि तेलातला तीळ

एका वाचकाने विचारलं आहे: ‘बातमीत “तिळापासूनच्या आहारीय चरबीच्या पुरवठ्याचा राष्ट्रीय कल” असं वाचलं. इथे चरबी हा शब्द बरोबर आहे का? आणि तेल हा शब्दच तिळापासून आला असेल, तर “तिळाचं तेल” ही द्विरुक्ती होत नाही का?’

चरबी? नाही, नाही आणि नाही. चरबी बोकडाला असते, माणसाला चढते, तिळाला नसते. शब्द फारसी आहे आणि फारसीत तो कुठल्याही स्निग्ध पदार्थाला चालतो, हे मला माहीत आहे, कृपया कळवू नये. मराठीत आल्यावर तो प्राण्यांपुरता राहिला. १८५७च्या काडतुसांची चरबी म्हटल्यावर ज्याच्या डोळ्यांपुढे करडईचं तेल येतं असा मराठी माणूस मला अजून भेटायचा आहे. हिंदीवाल्यांनी तर पाकिटांवर सर्रास ‘वसा’ छापून टाकलं. आयुर्वेदाने स्नेह, म्हणजे स्निग्ध पदार्थ, चार सांगितले: घृत, तैल, वसा (प्राण्याची चरबी), मज्जा. म्हणजे तैल वेगळं आणि वसा वेगळी, ही वाटणी चरकसंहितेइतकी जुनी. ती मोडून खारवलेल्या शेंगदाण्यांत ‘वसा’ शोधायची आणि वर संस्कृतनिष्ठ म्हणून मिरवायचं! आपण स्निग्धांश म्हणावं. जड वाटलं तर फॅट म्हणावं. डेअरीवर दूध घालणारा ‘आज फॅट किती लागलं?’ असंच विचारतो, त्याचं काही अडत नाही.

बातमीतला ‘पुरवठा’ मात्र योग्य आहे, आणि नेमका तोच शब्द बातमीदार पुढच्या वाक्यात विसरतात. ‘भारतीय माणूस रोज तिळातून इतके ग्रॅम चरबी खातो’ असं बेधडक लिहितात. संयुक्त राष्ट्रांची अन्न व कृषी संघटना १९६१पासूनचे देशोदेशीचे अन्न-ताळेबंद देते. त्यात कोणाच्याही ताटात डोकावलेलं नसतं. उत्पादनात आयात मिळवायची, निर्यात, बियाणं, नासाडी, गुरांचा खुराक, कारखान्यात गेलेला माल वजा करायचा, साठ्याचा फरक धरायचा आणि उरेल ते लोकसंख्येने भागायचं. हा झाला पुरवठा. त्यातलं किती पोटात गेलं आणि किती डब्यात खवट झालं, हे ताळेबंद सांगत नाही. शिवाय तीळ आणि तिळाचं तेल यांच्या ओळी तिथे वेगळ्या असतात. घाण्यात गेलेले तीळ तिळाच्या ओळीतून वजा होतात आणि तेलाच्या ओळीत उगवतात. त्यामुळे तीळ सगळेच्या सगळे वाटून ताहिनी (तिळाचा लगदा) करून खाणाऱ्या देशाचा आकडा आणि तीळ गाळून तेल खाणाऱ्या देशाचा आकडा शेजारी ठेवून ‘ते जास्त तीळ खातात’ म्हणणं हा अडाणीपणा आहे. तिळात वजनाच्या साधारण निम्मं तेल असतं; म्हणजे दिवसाला १ ग्रॅम स्निग्धांश हा आकडा माणशी वर्षाला पाऊण किलोच्या आतले तीळ झाले. एका संक्रांतीचे लाडू आणि वर्षभराच्या चटण्या एवढाच त्याचा जीव. आणि हो, २०१०पासूनची मालिका नव्या पद्धतीने केलेली आहे. जुनी तिला चिकटवून एकच रेघ ओढली की ‘कल’ आपोआप दिसतो, खरा असो वा नसो.

आता मुद्द्याचं. अंगावरचा तीळ, तीळ खाऊन व्रत मोडणं, तोंडात तीळ न भिजणं हे सगळ्यांना ठाऊक आहे, सोडून देऊ. तिळाचं ते तैल. शिवाचा शैव, विष्णूचा वैष्णव, तसंच. प्राकृतात तेल्ल, मराठीत तेल. पण मोहरी गाळली, एरंड गाळला, इंगुदी (हिंगण) गाळली, आणि निघालं त्यालाही लोक तैलच म्हणू लागले. आता तिळाशिवायचं तैल व्याकरणात बसवायचं कसं? पाणिनीच्या ५.२.२९ या सूत्रावरच्या वार्तिकात, म्हणजे सूत्राला जोडलेल्या पुरवणीत, यावर तोड निघाली, आणि ती मला फार आवडते: ‘तैल’ला चक्क प्रत्यय करून टाकलं. तैलच्, अर्थ स्नेह. इंगुदतैल, सर्षपतैल (मोहरीचं), आणि उदाहरणांत तिलतैलसुद्धा! म्हणजे तुमच्या द्विरुक्तीच्या शंकेचा निकाल वैयाकरणांनी केव्हाच लावला आहे.

माझं म्हणणं असं की हा प्रत्यय मराठीत आजही जिवंत आहे, फक्त झिजून ‘एल’ झाला आहे. खोबरेल, एरंडेल, करडेल, उंडीचं ते उंडेल. आणि रॉकेल! ‘ते इंग्रजी रॉक ऑइलचं बोबडं रूप, तुमच्या प्रत्ययाचा काय संबंध?’ असं एका विद्वानाने मला सुनावलं होतं. मूळ इंग्रजीच आहे, कोण नाही म्हणतो? पण ऑइलचं ‘ऑल’ झालं नाही, ‘आइल’ झालं नाही, ‘एल’च का झालं? मराठी जिभेला खोबरेल-एरंडेलाचा साचा तयार होता, त्यात ते ओतलं गेलं. दिव्यात जळतं ते ‘एल’. खनिज असलं म्हणून काय झालं?

दक्षिणेत तर गंमत आणखी दाट आहे. तमिळमध्ये तीळ म्हणजे एळ्, तूप किंवा स्नेह म्हणजे नेय्. दोन्ही मिळून एण्णेय्, म्हणजे कुठलंही तेल. कन्नडमधलं एण्णे तेच. म्हणजे दोन वेगळ्या भाषाकुळांनी तेलाचं नाव तिळावरूनच ठेवलं. पुढे खुद्द तिळाच्या तेलाला वेगळं नाव हवं झालं, तेव्हा तमिळांनी त्याला नल्लेण्णेय् म्हटलं: चांगलं तेल. आपल्या गोडेतेलातलं ‘गोडं’ त्याच जातीचं कौतुक आहे, जरी आज दुकानात गोडेतेल मागितलं की शेंगदाण्याचं मिळतं.

मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकच्या भागात, मात्र उलट झालं. तिथल्या प्राचीन अक्कादी भाषेत तिळाला शमश्शम्मू म्हणत. ‘शमन’ म्हणजे तेल आणि ‘शम्म’ म्हणजे वनस्पती. तिथे तेलावरून तीळ! तोच शब्द ग्रीकात सेसामोन झाला, अरबीत सिमसिम. ‘तिळा तिळा दार उघड’ म्हणणाऱ्या मराठी अनुवादकाला हे बरोबर कळलं होतं. हिंदीत नुसतंच ‘सिमसिम’ राहिलं. त्याच अक्कादीत तिळाच्या चांगल्या तेलाला ‘एल्लू’ म्हणत. एल्लू आणि एळ्! तीळ मुळात आपल्या उपखंडातलं पीक, हडप्पाला जळालेले तीळ सापडलेले, आणि सिंधूच्या व्यापाऱ्यांची मेसोपोटेमियात ये-जा. मालाबरोबर नाव गेलं नसेल? अक्कादीचे पंडित म्हणतात, एल्लू म्हणजे ‘शुद्ध’, बस्स. तमिळांचं ‘चांगलं’ आणि आपलं ‘गोडं’ पाहता त्यांच्या म्हणण्यातही दम आहे, पण परदेशी माल आला की त्याच्या नावातून आपल्या भाषेतला अर्थ काढणं हा माणसाचा जुना खेळ आहे. त्यांनी द्राविडी कोश एकदा उघडून मग ‘बस्स’ म्हणावं.

राहता राहिलं ‘आहारीय’. ते खोडा आणि ‘आहारातला’ लिहा.